म्बालेच्या दुकानांत रानडुकरं

धनाजीनं ती लिंक ‘पाली ग्रामस्थ’ या ग्रुपवर टाकली तेव्हा त्याच्या मनात पाप नव्हतं. फुशारकी होती. तीही थोडीशीच. ज्या ग्रुपवर सुप्रभातची फुलं आणि हरवलेल्या म्हशीची चौकशी यापलीकडं काही येत नाही, तिथं एकदा आपलंही काहीतरी दिसावं. इंग्रजीतलं. खाली मराठी असलेलं.

लिंक त्याच्या प्रश्नावलीची होती आणि प्रश्नावली होती युगांडा देशातल्या म्बाले गावच्या दुकानदारांसाठी. लहान दुकानदार माल, गिऱ्हाईक आणि नोकर सांभाळायला मोबाईल कसा वापरतात, हा त्याच्या प्रबंधाचा विषय. म्बालेच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर त्यानं ती आधी पाठवली. ते बरोबर झालं. नंतर नसरापूर फाट्यावर एसटी थांबली, कंडक्टर चहाला उतरला, धनाजीला रिकामपण मिळालं आणि त्यानं तीच लिंक पालीकरांकडं सरकवली. आता हिच्यात मराठी होतंच कशाला? तर भोरच्या शाकिरनं फॉर्म बनवताना प्रत्येक इंग्रजी प्रश्नाखाली मराठीही टाकलं होतं, कारण त्याशिवाय त्याला स्वतःलाच काही कळत नव्हतं. “नंतर काढू की, घाई काय,” असं दोघांचं ठरलं होतं. फॉर्मच्या डोक्यावर ठळक अक्षरांत होतं : ‘कृपया सर्वांनी भरावे. अंतिम तारीख शुक्रवार. आपली माहिती गुप्त ठेवली जाईल.’

आमच्याकडं ‘अंतिम तारीख’ आणि ‘माहिती गुप्त’ ही दोन वाक्यं एका कागदावर दिसली की त्याला काय म्हणतात, हे कुणाला शिकवावं लागत नाही. त्याला योजना म्हणतात.

धनाजी पालीत उतरून घरी पोचेपर्यंत निम्म्या गावानं फॉर्म भरला होता. जेवण होईपर्यंत उरलेल्या निम्म्यानं. ज्यांना भरता येत नव्हता त्यांनी शेजाऱ्याकडून भरून घेतला. म्बाले म्हणजे काय, असं कुणी विचारलं नाही. योजनांची नावं तशीही कुणाला कळतात?

आणि योजनेचा फॉर्म कसा भरायचा हेही पालीला ठाऊक. आपल्याकडं काहीएक नाही, असं लिहायचं. ‘तुमचे दुकान आहे का?’ नाही. ‘कामाला माणसे किती?’ शून्य. ‘तुमच्याकडे मोबाईल आहे का?’ नाही. अख्ख्या गावानं मोबाईलवर बोट ठेवून, मोबाईल नाही म्हणून कळवलं.

धनाजी कोण, तर पालीचा पहिला आफ्रिकावाला. भोरला बी. कॉम. केलं, पुण्याला मार्केट यार्डात एका लोखंड-सामानाच्या व्यापाऱ्याकडं लागला. त्या व्यापाऱ्याच्या चुलतभावाचं म्बालेला गोडाऊन होतं आणि त्याला खिळे मोजताना खिळे न खाणारा माणूस हवा होता. धनाजी गेला. अकरा वर्षं राहिला. खिळे, पत्रे, कडी-कोयंडे सांभाळले, आणि संध्याकाळी तिथल्या विद्यापीठात व्यवसाय, व्यवस्थापन आणि माहिती तंत्रज्ञान या विषयात पदव्युत्तर शिक्षणाला नाव घातलं. पेपर सगळे सुटले. प्रबंध राहिला. तेवढ्यात मालकानं धंदा आवरला आणि धनाजी अर्धा पदवीधर होऊन राजगडाच्या पायथ्याला परत आला.

येताना त्यानं एक पाककृती आणली. चपातीत अंड्याची पोळी गुंडाळायची. म्बालेला रस्त्यारस्त्यावर मिळते. त्याची बायको रत्ना शनिवार-रविवारी गडावर जाणाऱ्या ट्रेकरांना पिठलं-भाकरी करून घालते. धनाजीनं हौसेनं पाटी लावली : ‘युगांडा रोल’. पुण्याच्या पोरांनी खाल्ला आणि म्हणाली, काका, फ्रँकी छान झालीय. धनाजीनं पाटी काढली.

सध्या तो वरवे बुद्रुकजवळच्या एका कंपनीच्या गोडाऊनवर गेटपास लिहायचा. तिथल्या साहेबांनी शब्द दिला होता : “दिवाळीपर्यंत पदवीचा कागद आणा, गोडाऊनचे मॅनेजर तुम्ही. नाहीतर पुण्याहून एक एमबीए येतोय.” विद्यापीठानंही शेवटची मुदत दिली होती. जुलैअखेर प्रबंध आला नाही तर नाव कमी. एवढ्या वर्षांचं सगळं पाण्यात. आणि गावाला तर त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं की पदवी झाली. फक्त पोस्टानं यायची आहे.

सकाळी मोबाईल वाजला. म्बालेहून डॉ. नाकातो मॅडम. या त्याच्या मार्गदर्शक. उत्तरांचा तक्ता त्यांनाही तिकडं दिसत होता. मॅडमनी लिहिलं होतं :

‘धनाजी, अभिनंदन. इतका भरघोस प्रतिसाद माझ्या हाताखालच्या कुणाला मिळाला नव्हता. काही शंका. म्बालेतल्या बहुतेक दुकानदारांकडे दुकान नाही, हे कसे? आणि भाषांतर करून पाहिले तर, धंद्यातली सर्वांत मोठी अडचण म्हणून पुष्कळांनी रानडुकरे लिहिली आहेत. मी म्बालेत जन्मले. आमच्या दुकानांत रानडुकरे कधीपासून यायला लागली?’

धनाजीनं तक्ता उघडला. अडचणींच्या रकान्यात रानडुकरं होती, माकडं होती, रस्ता होता, ‘धाकटा भाऊ’ होता, आणि एकानं नुसतं ‘बायको’ लिहून पुढं तीन उद्गारचिन्हं दिली होती. तो तसाच चप्पल घालून भोरला निघाला.

शाकिरचं ‘नुजहत ऑनलाईन सेंटर’ एसटी स्टँडच्या समोर. नुजहत ही त्याची लेक. शाकिर आणि धनाजी कॉलेजात एका बाकावर होते आणि एकमेकांच्या बेअकलीची दोघांना पुरेपूर कल्पना होती.

“मराठीत लिहिलेली काढून टाक,” शाकिर म्हणाला. “झालं. चहा सांगू?”

“ती काढली रे. पण निम्म्यांनी शेवटचा, अडचणी लिहायचा प्रश्न सोडलाय. नुसत्या टिका केल्यात. म्बालेवाल्यांनीबी तेच केलंय. आता ह्यात कुठली टीक म्बालेची आन् कुठली पालीची?”

“वेळ बघ, कधी भरलंय.”

“एकाच संध्याकाळी भरलंय दोघांनी!”

“मग सगळी कोरी फेकून दे.”

“म्बालेची कमी पडतात. मॅडमनी आकडा ठरवून दिलाय.”

“मग म्बालेला परत पाठव.”

“ती दुकानदार मंडळी एकदा भरायला तयार व्हावीत म्हणून मी महिनाभर फोन केलेत. परत म्हणालो तर मला ग्रुपमधनं काढतील.”

शाकिरनं तक्ता वरखाली केला. “दुकान नाही, मोबाईल नाही म्हणणारे काढ ना. म्बालेतला दुकानदार असं म्हणेल का?”

“म्हणतात. तिकडं टॅक्सवाल्यांना भितात.”

शाकिरनं मान हलवली. “म्हणजे तिकडंपण आपलेच लोक आहेत.” मग म्हणाला, “धन्या, एकच रस्ता. पालीच्या एकेकाला बसवायचं आणि विचारायचं, बाबा, यातलं तुझं कुठलं?”

त्याच संध्याकाळी धनाजीनं मारुतीच्या देवळात गाव जमवलं. उभं राहून हात जोडले. “मंडळी, माझी चूक झाली. तो फॉर्म आपला नव्हता. ती कुठली योजना न्हाई. माझ्या अभ्यासाचा कागद होता तो. तर ज्यांनी भरला त्यांनी कृपा करून येऊन आपलं उत्तर दाखवावं, म्हंजी मी ते काढून टाकतो.”

मग गेनूतात्या, जे दर योजनेत पहिले असतात, हळूच शेजाऱ्याला म्हणाले, “योजना न्हाई म्हनतोय.”

“व्हय.”

“म्हंजी मोठी असंल.”

तिथून पुढं धनाजीचं कुणी ऐकलं नाही. एकानं विचारलं, नाव काढून कुणाचं घालणार आहेस, साखर गावातल्या तुझ्या सासऱ्याचं का? दुसरा म्हणाला, आधी भरा म्हंता, मग काढा म्हंता, तालुक्याला तक्रार करू. धनाजी तावातावानं सांगायला लागला की युगांडा वेगळा देश आहे, तिथल्या सरकारचा पालीशी संबंध नाही. त्यानं तर घात झाला. परदेशी योजना आहे म्हटल्यावर ज्यांनी भरला होता तेही बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी लिंक मागायला लागले.

घरी रत्ना भाकऱ्या थापत होती. “झाली सभा?”

“कुनी ऐकत न्हाई.”

“कसं ऐकतील? अकरा वर्षं खिळं मोजलं, मानसं कुठं मोजली तुमी?” तिनं भाकरी तव्यावर टाकली. “अंबूआत्याकडं जावा. तिनं म्हणलं तर समदे बसतील.”

अंबूबाई म्हणजे त्यांच्या वाडीच्या सावडीची मुख्य. सावड म्हणजे काय, तर भाताची लावणी आली की आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात, उद्या सगळ्यांनी माझ्या. दिवसाला दिवस. कुणी कुणाकडं किती दिवस गेलं आणि कुणाकडून किती दिवस यायचे, हे अंबूबाईंच्या तोंडावर असे. आणि त्यांच्या तोंडापुढं कुणी जात नसे.

धनाजी गेला तेव्हा अंबूबाई ओट्यावर पावसात पांघरायचं प्लॅस्टिकचं इरलं शिवत बसल्या होत्या. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. म्बाले, प्रबंध, गोडाऊन, दिवाळी.

“आत्या, योजना न्हाई हो खरंच.”

“न्हाई तर न्हाई. मला काय करायचंय? मी भरलाय फारम, गेनूच्या मोबाईलवरनं.” अंबूबाईंनी दोरा दातानं तोडला. “पर आता लावनीच्या दिसात मानसांना तुज्यापुढं बसायला येळ कुठला? त्यांचा येळ घेनार, मग देनार काय?”

“चहा देतो की.”

“चहा घरी न्हाई व्हय त्यांच्या?” त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “सावड घाल. जो येऊन बसंल त्याच्या खाचरात तू एक दिस लावनीला जा.”

“एक दिस? आत्या, त्यांनी बसायचं दहा मिंटं!”

“मग जा योजना न्हाई म्हनून सांगत.”

धनाजीनं हो म्हटलं. गोडाऊनवर रजा टाकली. रत्ना हसून हसून खाली बसली, कारण लग्न झाल्यापासून त्यांच्या घरचा सावडीचा दिवस तीच फेडत आली होती. नवऱ्यानं चिखलात पाय घातलेला तिनं पाहिला नव्हता.

युक्ती मात्र लागू पडली. योजनेवरचा विश्वास कुणाचा उडाला नव्हता. पण आफ्रिकेहून आलेला धनाजी आपल्या खाचरात वाकलेला बघायला मिळणार, ही योजनाही काही वाईट नव्हती.

शाकिर लॅपटॉप घेऊन मुक्कामाला आला. तो रत्नाच्या ओट्यावर बसला, माणसं एकेक करून त्याच्यापुढं, आणि धनाजी सकाळपासून कुणाच्या ना कुणाच्या चिखलात.

“गेनूतात्या, तुमचं कुठलं आठवतंय का?”

“आठवतंय की. म्या सगळीकडं ‘इतर’वर टीक केली.”

“सगळीकडं? का?”

“इतर मला आवडतं. त्यात कायबी बसतं.”

शाकिरनं ‘इतर’ शोधलं, काढलं. पुढचे आले ते जोडीनं, सख्खे भाऊ. दोघांनी शेजारी बसून भरलेलं, दोन्ही ओळी तंतोतंत सारख्या.

“ही माजी,” थोरला म्हणाला.

“ती माजी हाये! तुजी खालची.”

“अहो दोन्ही सारख्याच आहेत, दोन्ही काढायच्याच आहेत,” शाकिर म्हणाला.

“तसं न्हाई. वरची माजी हाये. मी आधी दाबलं व्हतं.”

ते भांडण अडचणींच्या रकान्यात ‘धाकटा भाऊ’ कुणी लिहिलं इथपर्यंत गेलं, मग बांधापर्यंत, आणि शाकिरनं दोघांच्या ओळी वेगवेगळ्या वेळी काढून टाकल्याचं दाखवलं तेव्हा मिटलं.

तिकडं धनाजीची लावणी गावभर गाजत होती. तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, मूठ हातात घेतली की तो आधी खाचराकडं बघून विचार करी. मग चार रोपं लावून मागं वळून बघी. तोवर बायकांची ओळ त्याला मागं टाकून पलीकडच्या बांधाला लागलेली असे.

“धनाजीभावजी, म्बालेला अशीच लावतात का?”

“म्बालेला भात न्हाई लावत, केळी लावतात.”

“तरीच दोन रोपांत केळीचं अंतर सोडलंय!”

आठवडाभरात त्याची कंबर गेली. गुडघ्यापर्यंत चिखल, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, आणि सरळ उभं राहता आलं तर बसता येईना, बसला तर उठता येईना. पण तक्ता स्वच्छ होत गेला. शेवटी उरलं फक्त म्बाले आणि एक अंबूबाईंचं उत्तर. त्या आल्या, शाकिरपुढं बसल्या, आपली ओळ ओळखली आणि काढू दिली. धनाजी दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी त्यांच्या खाचरावर हजर.

“तू कशाला आलास?”

“तुमचा दिवस फेडायला, आत्या.”

अंबूबाईंनी शेजारच्या खाचरातली त्याची कालची ओळ पाहिली. ती बांधापासून निघून ओढ्याकडं वळली होती.

“माज्या खाचरात न्हाई. राहू दे तुजा दिस. सांगंन मी.”

प्रबंध मुदतीच्या आदल्या दिवशी गेला. तोंडी परीक्षा शाकिरच्या दुकानातून, मोबाईलवर. दुकानाचं शटर अर्धं ओढलं, बाहेर ‘सर्व्हर डाऊन’ अशी पाटी लावली. पडद्यावर नाकातो मॅडम आणि बाहेरचे परीक्षक, एक पांढऱ्या दाढीचे प्राध्यापक. धनाजी उभाच होता. कंबर वाकत नव्हती.

“बसा की,” प्राध्यापक म्हणाले.

“नको सर. असाच बरा आहे.”

प्राध्यापकांना तो मान वाटला. त्यांनी दुकानदारांबद्दल विचारलं, मोबाईलबद्दल विचारलं; धनाजीनं म्बालेतला बाजार गल्लीगल्लीनं सांगितला. मग प्राध्यापक चष्मा सारखा करत म्हणाले, “तक्त्यातून पुष्कळ उत्तरे काढून टाकली आहेत. ती कशी ओळखलीत?”

धनाजीनं एकवार शाकिरकडं पाहिलं. आणि सांगितलं. सगळं. योजना, देऊळ, सावड, चिखल. त्याच्या इंग्रजीत ‘लावणी’ला शब्द सापडेना, म्हणून तो पडद्यापुढं वाकून दाखवायला गेला आणि तसाच अडकला. शाकिरनं मागून धरून त्याला सरळ केला.

नाकातो मॅडम पदरानं तोंड झाकावं तशा दोन्ही हातांनी तोंड झाकून बसल्या होत्या. प्राध्यापक मात्र हसत नव्हते.

“म्हणजे उत्तर मागे घेण्याबद्दल तुम्ही प्रत्येकाला एक दिवसाची मजुरी देऊ केलीत.”

“हो सर.”

“हे नियमात बसायला हवे. कबूल केलेले द्यायला हवे. सगळ्यांचे दिवस फेडलेत?”

पडद्यात न दिसणारा शाकिर जोरजोरात मान हलवायला लागला. हो म्हण, हो म्हण. ओठांनी म्हणत होता : कोण बघायला येतंय पालीला?

गेटपास, खुर्ची, दिवाळी, गावात सांगून ठेवलेली पदवी, सगळं त्या एका ‘हो’वर होतं. पण महिनाभर खोट्या टिकांपायी त्याची कंबर मोडली होती, आणखी एक टीक त्याच्यानं होईना.

“नाही सर. एक बाकी आहे. अंबूबाईंचा.”

“का?”

“त्या घेत नाहीत. माझी ओळ वाकडी येते म्हणतात.”

शाकिरनं कपाळावर हात मारला. पडद्यावर दोघं आपसात बोलायला लागले. आवाज बंद केला होता, नुसते हात दिसत होते. प्राध्यापकांचे हात बराच वेळ काहीतरी लावत होते, बहुधा केळी. मग आवाज आला.

“उत्तीर्ण,” प्राध्यापक म्हणाले. “एक दुरुस्ती. तक्ता कसा साफ केला ते परिशिष्टात लिहा. आणि किती दिवस बाकी, कुणाचा बाकी, तेही.”

“सर, पण माहिती देणाऱ्यांची नावं गुप्त ठेवायची असतात.”

“माहिती देणाऱ्यांची. ज्यांचे देणे आहे त्यांची नावे गुप्त ठेवायचा आमच्याकडे नियम नाही.”

दसऱ्याच्या आत कागद आला. वरव्याच्या गोडाऊनवर धनाजीला हात टेकायची खुर्ची मिळाली, आणि पुण्याचा एमबीए पुण्यालाच राहिला. गेनूतात्या अजून दर सोमवारी विचारतात, पहिला हप्ता कधी. प्रबंधाची एक प्रत शाकिरनं फुकट छापून, निळा पुठ्ठा घालून दिली. धनाजीनं ती अंबूबाईंना नेऊन दाखवली. परिशिष्टातल्या ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं, की श्रीमती अंबूबाई, मुक्काम पाली, यांचा लावणीचा एक दिवस संशोधकाकडून येणे आहे.

“हे तिकडं आफ्रिकेत ठेवलंय?”

“विद्यापीठात, आत्या. कायमचं.”

अंबूबाईंनी पुस्तक उलटंपालटं केलं, निळ्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला आणि दोन दिवस वाडीत भेटेल त्याला बोलावून ती ओळ वाचायला लावली.

कापणी आली. धनाजीनं गोडाऊनला सुट्टी टाकली, विळा घेऊन अंबूबाईंच्या खाचरावर गेला. कापणीत ओळ वाकडी यायची भानगड नव्हती.

“आत्या, आज तुमचा दिवस फेडून टाकतो.”

अंबूबाईंनी कमरेवर हात ठेवला. “आन् फेडलास म्हंजी तिकडं काय लिवनार?”

“फिटला म्हणून कळवावं लागंल. दुरुस्त करून घेतील.”

“माजं नाव?”

“बाकी न्हाई म्हटल्यावर... काढतील बहुतेक.”

अंबूबाईंनी पुढं होऊन त्याच्या हातातला विळा काढून घेतला आणि बांधावर ठेवून दिला.

“घरी जा,” त्या म्हणाल्या. “लई दमलायस.”